पशुवैद्यकीय शिक्षणाची वाट आणि आपली मुले





दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत घरोघरी एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे पोराला पुढे कशाला घालायचे? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. आय.टी.आय., डी.एड., इंजिनिअरिंग, पोलीस भरती; आणि गुण फारच चांगले पडले तर डॉक्टर. येथे डॉक्टर म्हणजे माणसांचा डॉक्टर. आमच्या बेल्ह्याला दर सोमवारी बैलांचा बाजार भरतो, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाच्या किटल्यांची रांग लागते, घरटी दोन-चार शेळ्या तरी असतातच. अशा गावात 'मी जनावरांचा डॉक्टर होणार' असे म्हणणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरांतून क्वचितच भेटते. असे का व्हावे, याचा विचार करणे आणि या अभ्यासक्रमाची सविस्तर माहिती विद्यार्थी व पालकांपुढे ठेवणे, या दोन हेतूंनी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

१. ज्येष्ठांची एक रास्त शंका

हा विषय काढला की काही वडीलधारी मंडळी विचारतात, "बाबासाहेबांनी ढोरं ओढायचं सोडायला सांगितलं, आणि तुम्ही पोरांना पुन्हा ढोरांकडंच धाडता काय?" ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम आपल्या वाडवडिलांच्या माथी जन्मानेच मारलेले होते. त्या कामाला वेळ-काळ नव्हता, नकार देण्याची सोय नव्हती आणि मजुरीही नव्हती. मेलेल्या जनावराचे कातडे व मांस यांनाच 'हक्क' असे नाव दिलेले होते. दि. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे, मृतमांस खाणे व शिळेपाके मागणे सोडून देण्याचा उपदेश केला. पुढे १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनविषयक विधेयक मांडले, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ढोरे ओढणे बंद केले म्हणून गावोगावी आपल्या माणसांनी बहिष्कार सोसले, उपासमार सोसली. ज्यांनी हे पाहिले-ऐकले आहे, त्यांना जनावरांच्या कामाचे नाव काढताच चीड यावी हे स्वाभाविक आहे.

परंतु बाबासाहेबांचा विरोध नेमका कशाला होता, हे पाहिले पाहिजे. जे काम जातीने ठरते, ज्याला मोबदला नाही, जे करणाऱ्याची अप्रतिष्ठा होते आणि जे करताना ज्ञानाची एक पायरीही वर चढता येत नाही, अशा कामाला तो विरोध होता. पशुवैद्यकाचे काम या चारही कसोट्यांवर तपासून पाहावे. ते आपण निवडतो, त्याला पगार किंवा फी असते, त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते आणि कायद्याने नोंदणी लागते.

एक उदाहरण देतो. एखाद्या शेतकऱ्याचा विमा उतरवलेला बैल अचानक मरतो. पूर्वी तो बैल ओढून नेणाऱ्याला कोणी काही विचारत नसे. आज त्याच बैलाचे शवविच्छेदन पशुवैद्यक हातमोजे घालून करतो, मृत्यूचे कारण लिहितो आणि खाली सही करतो. त्या सहीवाचून विम्याचा दावा पुढे सरकत नाही. आपल्या भागात बिबट्याने गाय किंवा शेळी मारली तर वनखात्याच्या नुकसानभरपाईच्या कामातही पशुवैद्यकाचा दाखला लागतो. जनावर तेच, पण त्याच्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाचे स्थान पूर्ण बदललेले आहे. हा बदल शिक्षणाने घडवला. ज्या समाजाला मेलेल्या ढोराशी बांधून ठेवले होते, त्या समाजातील मुलाने जिवंत जनावराचा वैद्य व्हावे, हे महाडच्या संदेशाला धरूनच आहे, असे आम्हांस वाटते.

२. धम्म काय सांगतो

मज्झिमनिकायात महागोपालक सुत्त नावाचे एक सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी चांगल्या भिक्खूचे अकरा गुण समजावून सांगण्यासाठी चांगल्या गुराख्याच्या अकरा गुणांचा दाखला घेतला आहे. सुत्ताचा उद्देश अर्थातच साधनेविषयीचा आहे. पण दाखला म्हणून घेतलेल्या त्या अकरा गोष्टी नीट वाचल्या तर जनावरांच्या निगेचा जणू एक पाठच समोर येतो.

चांगला गुराखी आपल्या जनावरांचे रूप ओळखतो. त्यांच्या अंगावरील खुणा त्याला ठाऊक असतात. माश्यांनी घातलेली अंडी तो काढून टाकतो. जखम झाकतो, बांधतो. गोठ्यात धूर करतो. पाण्यात उतरण्याची योग्य जागा त्याला माहीत असते. कोणते जनावर पाणी प्यायले हे तो जाणतो. त्याला वाट कळते, कुरण कळते. दूध काढताना तो कास पूर्ण रिकामी करत नाही, वासरासाठी शिल्लक ठेवतो. आणि कळपाचे पुढारपण करणाऱ्या थोर वळूंची तो विशेष काळजी घेतो.

आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर यात जनावरांची नोंद आली, परोपजीवी जंतूंचे नियंत्रण आले, जखमेवरील उपचार आले, गोठ्याची स्वच्छता, पाणी, आहार, वासरांचे संगोपन आणि पैदासही आली. आज जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात, त्यामागील हेतू 'खुणा ओळखण्या'चाच आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात 'व्रणोपचारक' असे एक पद असते, त्याचेही मूळ काम या यादीत सापडते.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे नमूद केले आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या आणि रस्त्यांवर झाडे व विहिरी केल्या, असेही त्यात आहे. म्हणजे आजपासून सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी पशुचिकित्सा हे राज्याचे कर्तव्य मानले गेले होते. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण दरवर्षी म्हणतो. तिला एखाद्या घराने व्यवसायाचे रूप दिले तर तेही धम्माचरणच होय.

३. हे शास्त्र आपल्यापासून दूर नाही

आधुनिक पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समधील लियॉं शहरात १७६१ साली, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या वर्षी, स्थापन झाली. त्या काळी युरोपात बुळकांडीच्या साथीने गुरांचे कळपच्या कळप मरत होते. ती साथ रोखण्याच्या गरजेतून ही शाळा उभी राहिली.

आपल्याकडे मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात स्थापन झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था होय. बुळकांडीविरुद्धचे काम या देशात शंभराहून अधिक वर्षे चालले. देशातील शेवटचा उद्रेक १९९५ साली नोंदला गेला, २००६ साली भारत या रोगापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ साली सारे जग मुक्त झाले. माणसाने समूळ नष्ट केलेले रोग आजवर दोनच आहेत. एक माणसाची देवी आणि दुसरी गुरांची बुळकांडी. पुण्यातील औंध येथे राज्याची लस तयार करणारी संस्था आहे, पशुसंवर्धन आयुक्तालयही तेथेच आहे. बेल्ह्याहून पुणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जुन्नर-आंबेगावची आपली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि परळ-लालबाग भागात गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत राबली. खुद्द बाबासाहेबांचे वास्तव्य अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच परळमध्ये. त्या फाटकासमोरून आपल्या दोन-तीन पिढ्या कामावर गेल्या-आल्या. फाटकाच्या आत आपली किती मुले गेली, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने आपल्या मनाशी करावा.

४. प्रवेशाची वाट

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. विद्यार्थ्यांनी हा भाग वहीत टिपून ठेवावा.

(अ) दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय आवश्यक आहेत. अनेक मुले अकरावीत गणिताच्या किंवा प्रयोगवहीच्या धाकाने जीवशास्त्र सोडतात. त्यांच्यासाठी ही वाट तेथेच बंद होते.

(आ) बारावीबरोबर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पदवी प्रवेश याच परीक्षेतील गुणांवर होतो. वयाची सतरा वर्षे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात.

(इ) राज्यातील प्रवेश महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर यांच्यामार्फत होतो. हे विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे त्याची महाविद्यालये आहेत. आपल्या भागाला सर्वांत सोयीचे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. ते पुणे-सातारा रस्त्यावर आहे. राज्याच्या जागांखेरीज पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो, हे अनेकांना माहीत नसते.

(ई) 'नीट'मध्ये एम.बी.बी.एस.पुरते गुण पडले नाहीत म्हणून निराश होऊन घरी बसणारी मुले आम्ही पाहतो. त्या मुलांनी व त्यांच्या पालकांनी पशुवैद्यकाचा अर्ज त्याच वर्षी भरून ठेवावा. मात्र हा अभ्यासक्रम म्हणजे राहून गेलेल्या डॉक्टरकीची भरपाई, असे समजून येऊ नये. ज्याला जनावराजवळ जायलाच नको वाटते, तो येथे पाच वर्षे कंटाळेल.

(उ) ज्यांना पदवीची वाट लांब वाटते त्यांच्यासाठी दहावीनंतर पदविका अभ्यासक्रम आहे. पदविकाधारकाला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार पदवी व नोंदणी असलेल्यालाच आहे. हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घ्यावा, म्हणजे पुढे फसगत होत नाही.

५. साडेपाच वर्षांत काय शिकतात

पदवीचे पूर्ण नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन विषयातील पदवी. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, असा साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व पशुधन व्यवस्थापन. नंतर सूक्ष्मजीव, परोपजीवी, विकृतिशास्त्र, आहार व आनुवंशिकी. त्यापुढे औषधशास्त्र व सार्वजनिक आरोग्य. आणि शेवटी औषधोपचार, शस्त्रक्रिया व प्रसूतिशास्त्र असा साधारण क्रम असतो. माणसांचा डॉक्टर एकाच प्राण्याचे शरीर शिकतो. येथे गाय, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी अशी अनेक शरीरे शिकावी लागतात, आणि रोगी स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही.

हे ज्ञान पुस्तकी वाटू नये म्हणून गावातल्याच चार गोष्टी पाहू.

दात आणि वय : सोमवारच्या बाजारात हेडी बैलाचा जबडा उघडून 'आदत', 'दुसा', 'चौसा', 'सहादाती', 'जुळलेला' असे सांगतो. शरीररचनाशास्त्रात हेच शिकवतात. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यातील दुधाच्या दातांची पहिली जोडी सुमारे दोन वर्षांच्या वयात पडून कायमचे दात येतात आणि चौथ्या वर्षाच्या आसपास चारही जोड्या पूर्ण होतात. बाजारातले अनुभवाचे ज्ञान आणि महाविद्यालयातले ज्ञान येथे एकमेकांना मिळते. आपल्या मुलांनी हे ज्ञान कमी लेखू नये. ते घेऊनच ती पहिल्या वर्गात बसणार आहेत.

दुग्धज्वर : भरपूर दूध देणारी संकरित गाय वितात आणि एक-दोन दिवसांतच बसकण मारते. मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात. नाव ज्वराचे असले तरी अंगात ताप नसतो. कासेत एकाएकी दूध उतरल्यामुळे रक्तातील कॅल्शियम घटलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिले की मरणाच्या दारातली गाय काही वेळात उठून उभी राहते. पण तेच औषध घाईने सोडले तर हृदय थांबून गाय जागीच मरू शकते, म्हणून हृदयाचे ठोके ऐकत ते सावकाश द्यावे लागते. अकरावीतील रसायनशास्त्राचा धडा येथे एका कुटुंबाची भाकर वाचवतो.

काळपुळी : जनावर काही लक्षण न दिसता अचानक मरते, पोट फुगते, नाकातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते. असे जनावर फाडू नये, असा शास्त्राचा कडक नियम आहे. शव उघडले की हवेच्या संपर्काने जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात आणि जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. या जंतूचे जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली उलगडले आणि १८८१ साली लुई पाश्चर यांनी त्यावरील लशीचा जाहीर प्रयोग केला. हा रोग माणसालाही होतो. मृत जनावर सोलण्याची सक्ती ज्यांच्यावर होती, त्यांना हा नियम कोणी सांगितला नव्हता. महाडच्या उपदेशात स्वाभिमान तर होताच, त्यामुळे आपल्या माणसांचे जीवही वाचले, हे या धड्यावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.

डायक्लोफिनॅक : जनावरांच्या वेदनेवर व सुजेवर हे स्वस्त औषध सर्रास वापरले जाई. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली संशोधनातून सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर देशातील बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती. औषध लिहिताना रोग्याच्या पलीकडेही पाहावे लागते, हे औषधशास्त्रात शिकवतात. कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ठराविक दिवस डेअरीला घालू नये, हा नियमही त्यातलाच.

६. पदवीनंतर काय

पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यानंतरचे मार्ग असे :

एक, शासकीय सेवा. पशुधन विकास अधिकारी हे गट-अ चे पद असून त्याची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. दोन, खासगी व्यवसाय. जुन्नर-आंबेगावात संकरित गाई व कुक्कुटपालन वाढले आहे, मंचरसारख्या ठिकाणी दुधाचे मोठे उद्योग आहेत. शहरांत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने चालतात. तीन, डेअरी, पशुखाद्य, लस व औषध कंपन्या. चार, बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी. पाच, लष्कराचे रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर. सहा, महानगरपालिकांची आरोग्य खाती. सात, एम.व्ही.एस्सी. व पीएच.डी. करून अध्यापन-संशोधन. आठ, वन्यप्राण्यांची चिकित्सा. तिचे उदाहरण पाहायला दूर जायला नको, जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे.

या व्यवसायाची गरज किती, हे २०२२ साली सर्वांनी पाहिले. लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा राज्यभरातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. गोठ्या-गोठ्यात जाऊन लस टोचणारे हात पुरत नव्हते. ज्याचा बैल बाजारात जाऊ शकला नाही त्याचा हंगाम अडला, ज्याची गाय गेली त्याचा रोजचा दूधपैसा गेला. भूमिहीन घराची एकुलती शेळी आजारी पडते तेव्हा तिच्यासाठीही साथ आलेलीच असते. अशा घरातून आलेला डॉक्टर त्या शेळीकडे अधिक आस्थेने पाहील, अशी आमची अपेक्षा आहे.

७. पैसा आणि कागदपत्रे

साडेपाच वर्षांच्या खर्चाचे नाव काढताच पालक मागे सरतात. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या पातळीवर मिळण्यासाठी मात्र १९९० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. आज या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळाल्यास भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळू शकते. पुण्याच्या 'बार्टी' संस्थेच्या प्रशिक्षण योजनांची चौकशीही वेळच्या वेळी करावी.

कागदपत्रांत जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला आणि बँक खाते ही पाच मुख्य आहेत. यातील जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधण्यात महिने जातात. निकाल लागल्यावर धावपळ केली तर गुण असूनही जागा हातची जाण्याचा धोका असतो.

८. अडचणींविषयी स्पष्टपणे

ही वाट सोपी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला पहिले वर्ष जड जाते. त्यासाठी अकरावीपासूनच जीवशास्त्राचे शब्द इंग्रजीतून पाठ करण्याची सवय लावावी. काम अंगमेहनतीचे आहे. मध्यरात्री अडलेल्या म्हशीच्या गोठ्यात जावे लागते, लाथ बसते, पिसाळलेल्या जनावराचा धोका असतो, म्हणून रेबीजची लस स्वतः टोचून घ्यावी लागते.

मुलींना हे काम झेपेल काय, असे विचारले जाते. जनावर आवरायला खोडा, दोर व भूल ही साधने असतात. पुरुष डॉक्टरही बैलाशी कुस्ती खेळत नाही. गोठ्यात शेण काढणारी, धार काढणारी, आजारी शेळी पहिल्यांदा ओळखणारी बहुतेक वेळा बाईच असते. तिच्याशी मोकळेपणाने बोलू शकणारी डॉक्टर मुलगी असेल तर रोगाची खरी हकिगत लवकर कळेल.

काही विद्यार्थी विचारतात की, बरे न होणाऱ्या जनावराला दयामरण द्यावे लागते, ते पंचशीलात बसते काय? हा प्रश्न गंभीर आहे आणि तो मनात येणे हे चांगल्या मनाचे लक्षण आहे. बुद्धांनी कर्माच्या मुळाशी चेतना पाहिली. वेदना कमी करण्याची चेतना आणि सोय म्हणून मारण्याची चेतना यांतला फरक प्रत्येक वेळी स्वतःशी तपासून पाहणे हे त्या वैद्याचे कर्तव्य राहील. याचे तयार उत्तर देऊन मोकळे होता येत नाही.

९. संस्थेने काय करावे

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणींनी दिलेल्या दानांची नोंद आहे. आपापला व्यवसाय करणाऱ्या सामान्य लोकांनी एकत्र येऊन ते दान दिले होते. आपण दरवर्षी जयंतीला वर्गणी काढतो. त्यातील ठराविक हिस्सा विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यातून पुढील कामे करता येतील :

(१) जात वैधता व इतर दाखल्यांसाठी बुद्धविहारात वर्षातून एकदा मदत शिबिर. (२) 'नीट'ची व पहिल्या वर्षाची जुनी पुस्तके जमवून विहारात ठेवणे. (३) आठवी ते दहावीच्या मुलांची पशुवैद्यकीय दवाखान्याला भेट. (४) मुंबई-पुण्याच्या बांधवांनी प्रवेशाच्या दिवसांत गावच्या एका मुलाची राहण्याची सोय करणे. (५) लसीकरणाच्या दिवसांत तरुणांनी गोठ्यांची यादी करून डॉक्टरांना साह्य करणे, आणि जनावर आजारी पडल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळवण्याची माहिती घरोघरी देणे.

आपल्या वाडवडिलांनी एक काम नाकारले, ते माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. त्या नकारामुळेच आज आपल्या मुलांना काम निवडता येते. निवडीच्या यादीत हा एक व्यवसाय आपण स्वतः होऊन लिहावा, आणि बेल्ह्याच्या बाजारात बैलाला तपासणारा हात आपल्यापैकी एखाद्याचा असावा, एवढीच या लेखाची अपेक्षा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्यास विरोध केला, त्यामागील कारणे सांगा. पशुवैद्यकाचे काम त्याहून कोणकोणत्या बाबतीत वेगळे आहे?
२. महागोपालक सुत्तातील अकरा गुणांपैकी कोणतेही पाच सांगा आणि आपल्या घरच्या गोठ्यात ते पाळले जातात काय, ते पाहून लिहा.
३. काळपुळीने मेलेले जनावर का फाडू नये?
४. दुग्धज्वरात कॅल्शियम सावकाश का देतात?
५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या कामांच्या आठवणी लिहून काढा व विहारातील बैठकीत वाचा.
६. जात वैधता प्रमाणपत्रासाठी आपल्या घरी कोणती जुनी कागदपत्रे आहेत, याची यादी करा.

जय भीम! नमो बुद्धाय!